बेचाळीस, टॉवेल आणि पुलं

आपल्या कॉलेजात कोणालाही झोपेतून उठवून 'ह्या विश्वाचं अंतिम उत्तर काय?' असं विचारा. तो 'बेचाळीस' असं पुटपुटेल आणि कूस बदलून परत झोपेल. हा आकडा डग्लस अ‍ॅडम्स नावाच्या ब्रिटिश लेखकाचा. 1978 मध्ये बीबीसी रेडिओवर त्याची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही मालिका लागली, 1979 मध्ये तिची कादंबरी झाली, आणि तेव्हापासून जगातले सगळे इंजिनीयर तिच्यावर प्रेम करत आले आहेत. कादंबरीत एक महाप्रचंड कॉम्प्युटर लाखो वर्षं विचार करतो आणि उत्तर देतो... बेचाळीस! प्रश्न काय होता ते मात्र कोणालाच माहीत नसतं. (आपल्या व्हायवासारखंच, फक्त उलट. तिथे प्रश्न माहीत असतो.)

अ‍ॅडम्स 2001 साली अवघ्या 49 व्या वर्षी गेला. दरवर्षी 25 मे ला त्याचे चाहते खांद्यावर टॉवेल टाकून फिरतात, कारण त्याच्या मते अंतराळप्रवासात सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे टॉवेल. मीही त्यातलीच एक. त्याच्या आधी वुडहाऊस. कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत जीव्ह्ज आणि बर्टी वूस्टरची पुस्तकं एका रांगेत होती आणि मी ती डावीकडून उजवीकडे संपवली.

तर झालं असं, की मराठी विभागाच्या संपादकांना माझं आडनाव मराठी असल्याचा शोध लागला. 'आवडत्या ब्रिटिश विनोदी लेखकावर मराठीत लिही' असा हुकूम झाला. लिहायला बसले आणि लक्षात आलं, की अ‍ॅडम्सबद्दल मला जे जे सांगायचंय ते सगळं एका दुसऱ्याच माणसाबद्दल जास्त खरं आहे. हा माणूस केंब्रिजचा नव्हता, आपल्या जोगेश्वरीचा होता. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. पुलं!

आता 'पुलं कोण?' हे मराठीत विचारायची सोय नाही, लोक घराबाहेर काढतील. पण आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखे आहेत. शाळेत मराठी हा मार्कांपुरता विषय, घरी बोलतो, बिलबोर्ड वाचतो, पण अडीचशे पानांचं मराठी पुस्तक म्हटलं की पोटात गोळा. पुलं म्हणजे बाबांनी गाडीत लावलेला आवाज. बाबा हसतात, आपण खिडकीबाहेर बघतो. हा लेख त्या खिडकीबाहेर बघणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना पुलं पाठ आहेत त्यांनी चुका काढायला वाचावा. विनोद 'समजावून सांगू' नये म्हणतात, तो मरतो. पण आपण इंजिनीयर लोक, चालू मशीन दिसलं की स्क्रूड्रायव्हर हातात आलाच!

आधी थोडा पत्ता-बित्ता

पुलंचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 चा, मुंबईतला. लहानपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि मग पार्ल्यात गेलं. शाळा पार्ले टिळक विद्यालय, कॉलेज जोगेश्वरीचं इस्माइल युसूफ. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर जोगेश्वरीला टेकडी दिसते ना, तिथलंच ते कॉलेज. म्हणजे आपण ज्याला 'सबर्ब' म्हणतो त्या मातीत हा माणूस वाढला. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. घरात पुस्तकं होती, पेटी होती, गाणं होतं.

पुढची यादी वाचताना दम लागतो. मास्तरकी, आकाशवाणीतली नोकरी, नाटकं, सिनेमे, संगीत. 1953 च्या 'गुळाचा गणपती' या सिनेमाची कथा, पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि वर प्रमुख भूमिका, सगळं पुलंचंच. 'बटाट्याची चाळ' 1958 ला पुस्तक म्हणून आलं आणि 1961 पासून पुलंनी ते रंगमंचावर एकट्याने सादर केलं. एकटा माणूस आणि अख्खी चाळ! 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक 1962 चं, त्याला 1965 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'असा मी असामी' 1964 चं. 12 जून 2000 ला पुलं पुण्यात गेले. त्या दिवशी त्यांच्या आणि सुनीताबाईंच्या लग्नाचा वाढदिवस होता. लग्न 12 जून 1946 चं.

म्हणजे मी जन्मले तेव्हा पुलं जाऊन काही वर्षं झाली होती. तरीही ते मला 'जुने' वाटत नाहीत. का? इथून खरा लेख सुरू.

पार्ट नंबर एक : कान

वुडहाऊसचे सगळे लोक थोड्याफार फरकाने एकाच श्रीमंत इंग्लिशमध्ये बोलतात. जीव्ह्ज जरा जड बोलतो, बर्टी जरा उडता, पण भाषा एकाच इस्त्रीची. पुलंचं तसं नाही. त्यांच्या प्रत्येक माणसाची मराठी वेगळी. रत्नागिरीचा अंतू बर्वा बोलतो ती तिरकी, प्रत्येक वाक्याला शेवटी चिमटा असलेली मराठी. बेळगावचे रावसाहेब बोलतात ती कानडी वळणाची, शिव्यांनी मढवलेली. पेस्तनकाकांची पारशी मराठी वेगळी. सखाराम गटणे हा मुलगा तर छापील पुस्तकच बोलतो, त्याला साधं 'बरं आहे' म्हणता येत नाही.

हे किती अवघड आहे ते कळायला एक प्रयोग करू. वाक्य अगदी साधं घ्या : 'गाडी लेट आहे.' स्थळ घाटकोपर स्टेशन, वेळ सकाळची.

नागपूरचा मित्र : "काय बे, अजून नाई आली का? मोठी फजिती करून राह्यली ना भाऊ ही गाडी!"

मालवणचे काका : "येतली रे! तिका काय घराक जावन जेवाण रांधूचा आसा?"

पुण्याचे आजोबा : "वेळापत्रक छापतात, ते बहुतेक रद्दी कमी पडू नये म्हणून."

घाटकोपरचे शहाभाई : "अरे गाडी तर येलच ना, तू कशाला टेन्शन घेते?"

माहिती एकच, पण चार माणसं उभी राहिली ना डोळ्यासमोर? एकाने गाडीला मित्र केलं, दुसऱ्याने घरची सून, तिसऱ्याने आरोपी आणि चौथ्याने नशीब. विनोद शब्दांत नाहीये, तो जगाकडे बघण्याच्या तऱ्हेत आहे. मी चार ओळी लिहिताना घामाघूम झाले (मालवणी ओळ मैत्रिणीच्या आईकडून तपासून घेतली). पुलं हे शेकडो पानं करतात आणि एकही सूर चुकत नाही. त्यांचं 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर?' ऐका, म्हणजे गावाप्रमाणे माणसाचा अहंकार कसा बदलतो त्याचा सगळा सिलॅबस मिळेल.

हा कान कुठून आला? थोडा गाण्यातून. पुलं उत्तम पेटी वाजवत, आणि ज्याला सुरांतला बारीक फरक ऐकू येतो त्याला बोलण्यातलाही येत असणार. थोडा फिरण्यातून. बेळगावात ते कॉलेजात शिकवायला होते, रावसाहेब तिथलेच. आणि थोडा, असं मला वाटतं, उपनगरातून. जोगेश्वरी-पार्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर जितक्या प्रकारची मराठी, गुजराती, कोकणी, हिंदी कानावर पडते तितकी एका ठिकाणी कुठे पडत असेल?

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 'ती फुलराणी'. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' 1913 साली पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. फुलं विकणाऱ्या मुलीला एक प्रोफेसर उच्चवर्गीय इंग्लिश शिकवतो, अशी ती गोष्ट. हे मराठीत कसं आणणार? लंडनच्या गल्लीतला उच्चार मराठीत नाहीच! पुलंनी 1975 मध्ये ते नाटक भाषांतर न करता मराठीत नव्याने उभं केलं, कारण 'शुद्ध कोण, अशुद्ध कोण' हे भांडण आपल्याकडेही तितकंच जुनं आहे. भक्ती बर्व्यांनी ती भूमिका केली आणि मंजुळा आपलीच झाली. जी मुलगी शाळेत इंग्लिश उच्चारांसाठी शाबासकी मिळवते आणि घरी आजीसमोर 'ळ' ला अडखळते, तिला हे नाटक वेगळंच टोचतं. सांगायला नको, की ती मुलगी कोण!

पार्ट नंबर दोन : सरळ चेहरा

ब्रिटिश विनोदाची एक जुनी युक्ती आहे. अगदी क्षुल्लक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगायची. अ‍ॅडम्स पृथ्वीचा नाश सरकारी नोटिशीच्या भाषेत सांगतो. वुडहाऊसकडे एक डुक्कर हरवलं की साम्राज्य बुडाल्यासारखी धावपळ होते. ही युक्ती मराठीत करून बघू :

'काल रात्री अकराच्या सुमारास कॉलेजसमोरील झेरॉक्सच्या दुकानातील टोनरचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्याच्या पश्चात ऐंशी अपूर्ण जर्नल्स असा परिवार आहे.'

बघा, यात एकही 'विनोदी' शब्द नाही. पेपरातल्या निधनवार्तेची भाषा चुकीच्या जागी लावली, इतकंच. विनोद म्हणजे इम्पिडन्स मिसमॅच : विषय छोटा आणि भाषा मोठी, दोन्ही जुळत नाहीत, म्हणून सिग्नल परत फिरतो आणि आपल्याला हसू येतं!

मराठी तर या खेळासाठीच बनल्यासारखी आहे. तिच्यात एकाच वेळी संस्कृत प्रवचनाची भाषा आहे, सरकारी परिपत्रकाची आहे, बखरीची आहे, नाट्यसंगीताची आहे आणि नळावरच्या भांडणाचीही आहे. पुलं एकीतून दुसरीत गिअर बदलतात आणि क्लचचा आवाजसुद्धा येत नाही. 'बटाट्याची चाळ' मधला 'उपास' घ्या. विषय काय, तर एका माणसाला वजन कमी करायचंय. पण चाळीतल्या प्रत्येकाचा सल्ला वेगळा, आणि सगळं प्रकरण असं चालतं जणू राष्ट्रीय आंदोलन आहे. किंवा 'म्हैस'. कोकणातल्या रस्त्यावर एसटीच्या समोर म्हैस येते आणि गाडी थांबते. घटना संपली! त्यापुढे जे आहे ते म्हणजे एसटीतली माणसं. प्रत्येकाला म्हशीबद्दल मत आहे. एका म्हशीभोवती अख्खा समाज गोळा होतो. आपल्याकडे लिफ्ट बंद पडल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर जे होतं, तेच की!

'मी आणि माझा शत्रुपक्ष' तर आपल्या सिव्हिलवाल्यांनी वाचायलाच हवं. नवीन घर बांधणारा माणूस पाहुण्याला अर्धवट बांधकाम दाखवायला नेतो, खड्ड्यांमधून चालवतो आणि इथे काय होणार, तिथे काय होणार ते सांगत सुटतो. फोटोंचे अल्बम दाखवून छळणारेही तिथे आहेत. अल्बम गेले, मोबाइल आले. छळ तोच राहिला.

पार्ट नंबर तीन : हिरो नसलेला हिरो

अ‍ॅडम्सचा आर्थर डेंट आठवा. अख्खी गॅलक्सी फिरतो, पण त्याला हवा असतो फक्त एक कप चांगला चहा. तो शूर नाही, हुशार नाही, त्याच्यावर सगळं येऊन आदळतं. 'असा मी असामी' चा धोंडो भिकाजी जोशी हा त्याचा मुंबईचा भाऊ. साधा कारकून. जमाना बदलतोय, कपडे बदलतायत, मुलांच्या शाळा बदलतायत, घर बदलतंय, आणि हा बिचारा मागून धावतोय. तो कोणावर चिडत नाही, क्रांती करत नाही. त्याला फक्त थोडं शांतपणे जगायचंय आणि तेच जमत नाही.

इथे पुलंची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. ते जो 'मी' वापरतात तो नेहमी वाचकापेक्षा एक पायरी खाली उभा असतो. आजकालचा बराच विनोद वरून खाली मारतो : जाड माणसावर, काळ्या माणसावर, इंग्लिश न येणाऱ्यावर. पुलंचा 'मी' आधी स्वतःवर हसतो, त्यामुळे त्याला दुसऱ्यावर हसायचा परवाना मिळतो. आणि दुसऱ्यावर हसताना त्या माणसाबद्दल प्रेम वाढतं, कमी होत नाही. चितळे मास्तर विद्यार्थ्यांच्या टिंगलीचा विषय आहेत, पण वाचून संपल्यावर आपल्याला आपले मास्तर आठवतात आणि घशात काहीतरी अडकतं.

हे अडकणं अपघात नाही. पुढचा पार्ट तोच.

पार्ट नंबर चार : शेवटचं पान

एक गंमत करून बघा. 'व्यक्ती आणि वल्ली' मधल्या माणसांची फक्त शेवटची पानं वाचा. हसू येणार नाही. नारायण हा लग्नघरात सगळ्यांना लागणारा माणूस. साड्या नारायण आणणार, बँड नारायण ठरवणार, आचाऱ्याशी नारायण भांडणार. आपण पानंच्या पानं हसतो. आणि मग लग्न उरकतं, ज्यांचं लग्न होतं ते निघून जातात, आणि थकलेला, अंगात ताप असलेला नारायण एका बाजूला पडलेला असतो. तेव्हा कळतं, की हा माणूस कोणाच्याच फोटोत नाही.

अंतू बर्वा तसाच. आयुष्यभर सगळ्या जगाला टोमणे मारतो, गांधी-नेहरूंनाही सोडत नाही. पण शेवटी बायकोची आठवण निघते आणि त्या टोमण्यांच्या मागे किती वर्षांचा एकटेपणा आणि गरिबी साठलीय ते एकदम दिसतं. टोमणा हे त्याचं चिलखत होतं!

वुडहाऊस हे कधीच करत नाही. त्याच्या जगात दुःख येऊच शकत नाही, तिथे कायम उन्हाळ्याची दुपार असते. ती त्याची ताकद आहे. पुलं वुडहाऊसचे चाहते होते, पण त्यांनी ती दुपार इकडे आणली नाही. त्यांना माहीत होतं, की आपल्याकडे दुपारनंतर पाणी जातं.

चाळ, बायपास आणि आमची बिल्डिंग

अ‍ॅडम्सच्या कादंबरीची सुरुवात आठवते? आर्थर डेंटचं घर पाडायला बुलडोझर येतो, कारण तिथून बायपास जाणार असतो. नोटीस लावलेली असते, पण अशा तळघरात की कोणाला दिसू नये. हा बिचारा बुलडोझरपुढे आडवा पडतो. तेवढ्यात कळतं, की अंतराळातल्या बायपाससाठी पृथ्वीच पाडायची आहे, आणि तिचीही नोटीस पन्नास वर्षं दुसऱ्या ताऱ्यावर लावलेली होती! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली.

दोन वर्षांपूर्वी मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. त्यात वाईट काहीच नाही, सगळ्यांनी सह्या केल्या, मोठी घरं मिळणार आहेत, लिफ्ट मिळणार आहे. आजीच्या गुडघ्यांसाठी तर ती हवीच. पण चार मजले, सोळा घरं. कोणी ठाण्याला भाड्याने गेलं, कोणी भांडुपला, कोणी डोंबिवलीला. ग्राउंड फ्लोअरच्या काकू मुलाकडे बंगलोरला गेल्या. त्यांच्या दाराशी आम्ही चपला काढून सरळ आत जायचो. आता त्या ग्रुपवर सकाळी फुलांचा फोटो पाठवतात.

याच दिवसांत मी 'बटाट्याची चाळ' पुस्तक म्हणून पहिल्यांदा वाचलं. गिरगावची चाळ, भांडखोर लोक, त्यांचं भ्रमणमंडळ, त्यांचे उद्योग. हसत हसत शेवटच्या प्रकरणाला आले. त्याचं नाव 'एक चिंतन'. तिथे चाळ म्हातारी झालीय. माणसं पांगलीत, पिढी बदललीय, ब्लॉकचे दिवस आलेत. विनोदी पुस्तकाचा शेवट असा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आजी शेजारी बसली होती. तिला मी ती पानं मोठ्याने वाचून दाखवली. अडखळत, कारण माझी मराठी वाचायची स्पीड म्हणजे धीमी लोकल, सगळी स्टेशनं घेणारी. आजी मध्येच म्हणाली, "अगं, हे काय, हे तर आपल्याच बिल्डिंगचं लिहिलंय." मी म्हटलं, "आजी, हे 1958 चं आहे." ती म्हणाली, "मग तेव्हापासूनच पाडतायत म्हणायचं!"

आजीचं ऐकून मला वाटलं, हिलाच लेख लिहायला सांगायला हवा होता.

पण मुद्दा असा. अ‍ॅडम्सने आणि पुलंनी एकाच गोष्टीवर लिहिलं : आपलं जग आपल्या डोळ्यांदेखत पाडलं जातंय आणि कोणाचीच तशी चूक नाही. अ‍ॅडम्स ते इतक्या लांबून सांगतो की आपण पृथ्वी गेली तरी हसतो. पुलं ते जिन्यात उभं राहून सांगतात. हसूही येतं, आणि कठड्यावरचा हात सोडवत नाही.

सगळं गोडच आहे का?

नाही. फॅन आहे म्हणून आंधळी नाही. पुलंचं जग बहुतेक करून पांढरपेशा मध्यमवर्गाचं, बऱ्याच अंशी उच्चवर्णीयांचं आहे. त्याच मुंबईत गिरण्या होत्या, गिरणगाव होतं, झोपडपट्ट्या होत्या. त्यांचं जगणं मराठीत यायला बाबुराव बागूल, नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ लागले. 'व्यक्ती आणि वल्ली' मधली मुख्य माणसं जवळजवळ सगळी पुरुष आहेत. बायका स्वयंपाकघरातून एखादं वाक्य फेकतात, ते भारी असतं, पण त्या परत आत जातात. आज मुलगी म्हणून वाचताना हे जाणवतं. अंतू बर्व्याची बायको काय म्हणाली असती, हे मला वाचायला आवडलं असतं.

मात्र हेही सांगायला हवं, की पुलं स्वतः दारं लावून बसले नव्हते. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आलं तेव्हा पुलंनी त्याचं मनापासून स्वागत केलं. आणीबाणीच्या अखेरीस 1977 च्या निवडणुकीत हा 'हसवणारा माणूस' भाषणं करत फिरला, कारण त्याच्या मते बोलायचं स्वातंत्र्य हा चेष्टेचा विषय नव्हता. प्रयोगांतून आलेल्या पैशांतून 1965 मध्ये पु. ल. देशपांडे फाउंडेशन उभं राहिलं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झालं, त्याच्या मागेही पुलं-सुनीताबाईंची मदत होती.

आणि सुनीताबाई! त्यांचं 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक 1990 मध्ये आलं. ज्यांना पुलं म्हणजे देव वाटतो त्यांनी ते जरूर वाचावं. लाडक्या लेखकाबरोबर रोज राहणं कसं असतं, कोण काय करतं आणि टाळ्या कोणाला मिळतात, हे त्यांनी न घाबरता लिहिलंय. पुलंच्या पुस्तकांत स्वयंपाकघरातून जो आवाज कमी येतो, तो इथे समोरच्या खोलीत येऊन बसलाय.

सुरुवात कुठून करायची?

माझ्यासारख्या 'बोलता येतं, वाचायला त्रास होतो' वाल्यांसाठी थोडक्यात सिलॅबस :

पहिली पायरी, ऐका. पुलंच्या स्वतःच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज सहज मिळतात. 'म्हैस' ने सुरू करा, मग 'नारायण', मग 'अंतू बर्वा'. मुलुंड ते सीएसएमटी स्लो ट्रेनने निघालात तर एक कथा आरामात संपते. मात्र फर्स्ट क्लासमध्ये एकटीने जोरात हसल्यास शेजारच्या मावशी सरकून बसतात, हा स्वानुभव आहे.

दुसरी पायरी, जे ऐकलं तेच वाचा. आवाज कानात असतो, त्यामुळे अक्षरं आपोआप पळतात. कठीण शब्द आला तरी टोनवरून अर्थ कळतो. माझ्या मराठी वाचनाचं जे काही झालं ते ह्या एका युक्तीने झालं.

तिसरी पायरी, 'बटाट्याची चाळ' सलग. आणि 'एक चिंतन' शेवटीच वाचा. आधी उघडलंत तर नुसती कविता वाटेल, नंतर उघडलंत तर घर वाटेल.

चौथी पायरी, जे समजणार नाही ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. 'वरात', 'मुंज', 'बिऱ्हाड', 'पागडी'... प्रत्येक शब्दामागे त्यांच्याकडे एक गोष्ट असते, आणि ती विचारायला कोणी येत नाही म्हणून ते बसून असतात. गूगलवर अर्थ मिळतो, गोष्ट मिळत नाही. (गूगलने स्वतः 8 नोव्हेंबर 2020 ला पुलंचं डूडल केलं होतं, तेव्हा त्यालाही हे मान्य असावं.)

पाचवी पायरी पुलंच्या बाहेर आहे. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव, द. मा. मिरासदारांची गावं, शंकर पाटलांच्या कथा. हे सगळं वाचून झाल्यावर परत वुडहाऊस आणि अ‍ॅडम्स वाचा. ते जास्त चांगले लागतात, शप्पथ. एका भाषेतला विनोद कळायला लागला की दुसऱ्या भाषेतलाही जास्त स्पष्ट ऐकू येतो.

मला खूप जण सांगतात, की आपली पिढी मराठी वाचत नाही, मराठी संपणार, वगैरे. भाषा संपते की नाही ते मला माहीत नाही, मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे. पण एक साधी टेस्ट आहे. ज्या भाषेतला जोक समजावून सांगावा लागतो ती आपली नाही, आणि ज्या भाषेतल्या जोकला आपण सगळ्यांच्या आधी हसतो ती आपली. मागच्या गणपतीत भाड्याच्या घरात सगळे जमले होते, कोणीतरी 'नारायण' लावलं होतं. ह्या वेळी बाबांच्या अर्धा सेकंद आधी मी हसले. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं, काही बोलले नाहीत, आवाज थोडा वाढवला.

तेव्हा मित्रहो, विश्वाचं उत्तर बेचाळीसच असेल, माझी हरकत नाही. टॉवेलही जवळ ठेवा. पण पुढच्या सबमिशनच्या रात्री, टोनरला श्रद्धांजली वाहून झाल्यावर, तासभर पुलं ऐकून बघा. आवडलं तर घरी कोणालातरी सांगा. शक्यतो मराठीत!